गोड्या पाण्याचे किल्ले : रत्नागिरी ते मालवण

माझा मामा चोवीस वर्षं ओमानात होता. मस्कतहून दीडशेएक किलोमीटर आत, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी निझवा नावाचं जुनं गाव आहे. तिथे तो विहिरींवरचे पंप बसवायचा, बिघडले की दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी मी आठ दिवस त्याच्याकडे राहून आले. त्यातले दोन दिवस त्याने मला निझवाचा किल्ला दाखवण्यात घालवले. त्या किल्ल्याचं आता संग्रहालय झालं आहे. कुठल्या पायरीवर थांबायचं, कुठे मान वर करून बघायचं, कुठल्या भिंतीत हात घालून गारवा अनुभवायचा, सगळं मामाला पाठ होतं.

बाहेर पडताना मी सहज विचारलं, "मामा, विजयदुर्ग कसा आहे रे?" तो बराच वेळ काही बोलला नाही. आमचं गाव पावसजवळ. तिथून विजयदुर्ग दोन-अडीच तासांवर, सिंधुदुर्ग त्याच्याही पुढे. दोन्ही त्याने पाहिलेले नव्हते. सुट्टीवर यायचा तो कौलं परतून घ्यायला, कलमांखालची साफसफाई बघायला, कुणाच्या तरी लग्नाला. "शाळेची सहल गेली होती एकदा विजयदुर्गाला," शेवटी तो म्हणाला. "तेव्हा घरात पैसे नव्हते गो."

यंदा मे महिन्यात तो कायमचा परत आला. पावसाळा सरू दिला, भातं झोडून झाली आणि डिसेंबरात मी रजा टाकून निघाले.

दिवस पहिला : रत्नागिरी

कोकणकन्येने पहाटे अंधारातच रत्नागिरीला उतरवलं. मामा स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभा होता, कानटोपी घालून. त्याला आता कोकणातली डिसेंबरची पहाटही बोचते.

थिबा पॅलेस उघडेपर्यंत भाट्याच्या पुलावर जाऊन बसलो. सुरुवात थिबा राजवाड्यापासून करायची असं मीच ठरवलं होतं, कारण निझवासारखं 'वास्तूचं संग्रहालय झालंय' असं म्हणण्याजोगं आमच्या जवळपास तेच आहे. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला राणी आणि मुलींसकट बोटीत बसवून आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी बांधून पुरा व्हायला १९१० साल उजाडलं. म्हणजे राजा चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत राहिला आणि स्वतःच्या म्हणता येईल अशा घरात जेमतेम सहा. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला. त्याची समाधी शिवाजीनगरात, घरांच्या गर्दीत आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढे येऊन उभे राहिले होते.

चोवीस वर्षं हा आकडा मामानेच पकडला. "माझ्याइतकीच," तो म्हणाला, आणि वरच्या मजल्यावरच्या गच्चीत कठड्याला टेकून खाडी बघत राहिला. मी त्याला तिथेच राहू दिलं आणि खालच्या दालनांतून फिरून आले. सागवानी काम, रंगीत काचा, राजाच्या वापरातल्या वस्तू, जिल्ह्यातून गोळा केलेल्या दगडी मूर्ती. वस्तू चांगल्या आहेत. मला कमी वाटलं ते एवढंच की या घरात सकाळी चूल कुठे पेटायची, पाणी कोण आणायचं, परक्या मुलखात वाढणाऱ्या त्या मुली दुपारी कुठल्या खोलीत बसायच्या, हे काही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं नाही. आणि मला नेमकं तेच हवं होतं.

गाडीत मामाने मस्कतच्या बंदराच्या तोंडावरच्या दोन पोर्तुगीज किल्ल्यांचं सांगितलं, मिरानी आणि जलाली. जलालीत कित्येक वर्षं तुरुंग होता, मग संग्रहालय झालं. "कैदखान्याचं संग्रहालय करायला वेळ लागत नाय. भिंती आधीच पुसलेल्या असतात." हे तो का म्हणाला ते मी विचारलं नाही.

रात्री पडवीत जेवणं झाली. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. मग त्याने कपाटातून खजुराचा डबा काढला. खलास जातीचा, मऊ, मधाच्या रंगाचा. आणि डबा मध्ये ठेवून आम्ही निझवाचा किल्ला पुन्हा एकदा चढलो.

तो किल्ला म्हणजे मुख्यतः एक अजस्र गोल बुरूज. उंची तीसेक मीटर. खालचा मोठा भाग आतून भरीव, दगडमातीने ठासलेला, वर तोफा उडाल्या तर त्यांचे हादरे त्या भरावाने पचवावेत म्हणून. बांधणारा इमाम सुलतान बिन सैफ. याच इमामाने १६५० मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं. बुरुजाच्या माथ्यावर जायला एकच जिना, अरुंद, वळणावळणाचा, वळणावर दार. दारासमोर जमिनीत खड्डा, एरवी त्यावर फळ्या टाकलेल्या. शत्रू आला की फळ्या ओढून घ्यायच्या. आणि दाराच्या बरोबर वर, छतात, एक चीर. त्या चिरेतून उकळता खजुराचा पाक खाली ओतायचे.

हा पाक कुठून येतो ते पाहिलं तेव्हा मी अवाक् झाले होते. तळाशी खजुराची कोठी आहे. तिच्या जमिनीला उंचवटे आणि त्यांच्यामधून पन्हळी काढल्या आहेत. खजुराची पोती एकावर एक रचून ठेवायची. वरच्या वजनाने खालच्या पोत्यांतून रस पाझरतो, पन्हळींतून वाहत जाऊन मडक्यात साठतो. तेच वर्षभराचं गोड, तेच प्रवासाचं अन्न, आणि वेळ आलीच तर तेच शस्त्र. संग्रहालय करणाऱ्यांनी ती कोठी कोठीच ठेवली. तिथे उभं राहिलं की किल्ल्यातल्या बाया, स्वयंपाकी, पोरं, सगळी दिसतात.

"आणि विहिरी," मामा म्हणाला. त्याचा मुख्य मुद्दा नेहमी हाच. निझवा गाव जगतं ते फलजावर. डोंगराच्या पोटातलं पाणी गाठून, जमिनीखालून अगदी हलक्या उतारावर कालवा काढून ते मैलोगणती आणतात आणि गावाजवळ उघड्यावर काढून बागांना देतात. तिथल्या दारिस फलजाचं नाव २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पाणी वाटून घेतात ते वेळेवर. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजायची रीत होती. मामाला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा आमच्या आगरातला पाट आठवला होता आणि पोफळीच्या पन्हळी. पण फलज बाहेरून येतो, म्हणजे शत्रू तो बाहेरच्या बाहेर तोडू शकतो. म्हणून किल्ल्याच्या आत वेगळ्या विहिरी.

"तिकडे पाण्याला काय म्हणतात माहितीय? पिण्याच्या पाण्याला? माय हिलू. माय म्हणजे पाणी, हिलू म्हणजे गोडं." आपणही गोडंच म्हणतो. खारं नसलेल्या पाण्याला गोडं म्हणावंसं वाटायला आधी खाऱ्याशी गाठ पडावी लागते. उद्यापासून आपण प्रत्येक किल्ल्यात आधी पाणी बघायचं, असं मामाने जाहीर केलं.

दिवस दुसरा : विजयदुर्ग

सकाळी पावसहून दक्षिणेला सागरी रस्त्याने निघालो. मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड छोटासा, अर्ध्या तासात पाहून होतो. पुढे गावखडीचं सुरूचं बन, कशेळी, आडिवरं, नाटे. मध्ये मध्ये सडे लागतात, डोळे दुखतील असे सपाट, जांभ्या कातळाचे. डिसेंबरातच गवत पिवळं पडलेलं.

मामाने एका सड्यावर गाडी थांबवली. "इथे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. निझवाला अख्ख्या वर्षात शंभराच्या आसपास. आणि एप्रिल-मेमध्ये टँकर कुठे येतो?" टँकर आमच्याकडे येतो. जांभा सच्छिद्र, वरचा कातळ सरळ उताराचा, पाणी एक तर धावत खाडीला जातं नाहीतर दगडातून झिरपून पुढे कुठेतरी निघून जातं. वाडीतल्या बायकांनी मे महिन्यात कळशा घेऊन उतरण उतरावी हे मी लहानपणापासून बघत आले आहे, आणि त्याचं दुःख मला दरवर्षी नव्याने होतं. मामाला ते दुसऱ्या बाजूने होतं. शंभर मिलिमीटरवर शेकडो वर्षं खजुराच्या बागा जगवणारी माणसं त्याने पाहिली आहेत.

जैतापूरचा पूल ओलांडून पडेल कॅन्टीनला चहा-भजी घेतली आणि दुपारी विजयदुर्गात पोचलो.

किल्ला गावातून चालतच लागतो. पूर्वी तो जवळजवळ बेटच होता. जमिनीकडच्या बाजूला खंदक होता, तो आता बुजलाय. आत शिरताना पहिल्यांदा अंगावर येते ती तटबंदी, एकामागे एक तीन फळ्यांची. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या शेवटी हा किल्ला उभारला असं मानतात. पुढे आदिलशाहीकडून १६५३ साली शिवाजी महाराजांनी घेतला. त्या वर्षी विजय नाव संवत्सर होतं म्हणून विजयदुर्ग. त्याआधी घेरिया, गिर्ये गावावरून. महाराजांनी तट वाढवला आणि किल्ल्याचा घेर पाच एकरांवरून सतराच्या घरात गेला. १६९८ पासून कान्होजी आंग्र्यांनी इथे आपलं ठाणं केलं.

जिबीच्या दरवाज्यातून वळसा घेऊन आत आलो तसा मामा थबकला. "दार दिसत नाय ना लांबून? निझवाचा जिना आठवला काय?" दरवाज्यासमोर हत्तीला धावायला जागा नाही, ओंडका घेऊन धडक मारायला जागा नाही. समुद्रावरचा गवंडी आणि वाळवंटातला गवंडी एकमेकांना कधी भेटले नसणार. तरी शत्रूला वाकवून, वळवून, एकेकटा करून आत घ्यायची विद्या दोघांना सारखीच येत होती.

मग पाणी. आतल्या मोठ्या तलावाशी आम्ही बराच वेळ होतो. मामा उतार बघत होता: कुठल्या बाजूचं पावसाचं पाणी कुठे वाहत येत असेल, कुठे अडवलं असेल. बोट दाखवून तो मला चढउतार समजावत होता आणि मला पहिल्यांदाच किल्ला म्हणजे पाणी गोळा करायची मोठी परात आहे असं दिसायला लागलं. तट, बुरूज, सदर, खलबतखाना हे सगळे डोळ्यांत भरतात. सैन्य टिकायचं ते मात्र या खोलगट जागेच्या जोरावर. १७१८ आणि १७२० मध्ये इंग्रज आरमार इथून हात हलवत परत गेलं, १७२४ मध्ये डच गेले. आतले लोक तहानलेले असते तर एवढे दिवस कोण टिकलं असतं?

पश्चिमेच्या बुरुजावर बसलो तेव्हा सूर्य कलला होता. याच बाजूला, पाण्याखाली, दगड रचून केलेली भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बुडी मारून तिची पाहणी केली. खोल बुडाची गलबतं किल्ल्याकडे आली की त्या भिंतीला आपटून फुटायची असं सांगतात. आपल्याकडचे मचवे उथळ बुडाचे, ते वरून जात. भरतीच्या पाण्याकडे बघताना तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही.

इथे १७५६ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेशव्यांचं आणि तुळाजी आंग्र्यांचं फाटलं होतं. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन आला, सोबत क्लाइव्ह. जमिनीवरून पेशव्यांची फौज. तोफगोळा बंदरातल्या एका जहाजावर पडला, आग लागली, आणि एकमेकांना बांधून ठेवलेली आंग्र्यांची जहाजं एकापाठोपाठ एक जळाली. एका संध्याकाळीत मराठी आरमाराचा कणा मोडला. किल्ला नंतर बाणकोटच्या बदल्यात पेशव्यांना परत मिळाला, जळालेली जहाजं कोण परत देणार? मला ही गोष्ट शाळेत दोन ओळींत शिकवली होती. त्या बुरुजावर बसून खालची खाडी बघताना ती दोन ओळींची राहत नाही. मामाही गप्प होता. शेवटी म्हणाला, "आपणच लाकूड दिलं, आपणच काडी."

साहेबाचे कट्टे म्हणून जागा दाखवतात तिथेही गेलो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी, हेलियमच्या शोधाशी विजयदुर्गाचं नाव जोडलेलं आहे आणि दर १८ ऑगस्टला इथे हेलियम दिवस साजरा होतो. त्या ग्रहणात महत्त्वाचं निरीक्षण करणारा यानसेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच ऑक्टोबरात इंग्लंडातून पाहिली. म्हणून 'हेलियम इथेच सापडला' असं मी म्हणणार नाही. पण कोकणातल्या एका गावात शाळेची पोरं वर्षातून एक दिवस सूर्याच्या वर्णपटाबद्दल बोलतात, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

दिवस तिसरा : गिर्ये, देवगड, मालवण

सकाळी वाघोटन खाडीकाठी आंग्र्यांची गोदी पाहिली. खाडीच्या कडेला कातळ खोदून केलेली, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरड्यावर टेकतं, मग खालून डागडुजी करायची. रंगरंगोटी नाही, गर्दी नाही. तिवरं वाढली आहेत आणि खेकड्यांची बिळं. मामा मात्र इथे विजयदुर्गापेक्षा जास्त रमला. हाताने काम केलेल्या माणसाला कारखाना कळतो. कुठे लाकूड उतरवत असतील, कुठे डांबर तापवत असतील, तो चालत चालत जागा नेमून देत होता, आणि मी मनातल्या मनात त्या जागी पाट्या लावत होते. निझवाच्या कोठीसारखं कुणी हे मांडलं, एखादं गलबत अर्धं बांधून इथे ठेवलं, ताग, खिळे, राळ, शीड हाताळायला दिलं, तर पोरं इथून हलणार नाहीत. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी वास्तूंचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. सुवर्णदुर्ग, खांदेरी, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपले चार जलदुर्ग त्यात आहेत. किल्ल्यांकडे लक्ष जाणारच. मला वाटतं, गोदीकडेही गेलं पाहिजे. आरमार इथे जन्मलं.

गिर्येच्या रामेश्वराला जायची वाट कातळ कापून केली आहे. दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या उंच भिंती, मधून आपण उतरत जातो आणि एकदम गारवा लागतो. नमस्कार करून निघालो.

देवगडला कलमांवर मोहोर यायला सुरुवात झाली होती. कुणकेश्वराला वाळूत पाय बुडवून नारळपाणी. मिठबाव, आचरा, आणि तिन्हीसांजेला मालवण. रात्री सुरमईचं तिखलं आणि भात.

दिवस चौथा : सिंधुदुर्ग

पहिल्या होडीला गर्दी नव्हती. होडीवाला म्हणाला, "बसा, पाय आत घेवा, लाट येता." मालवणचा किनारा मागे सरकायला लागला आणि समोरची काळी रेघ हळूहळू तट व्हायला लागली.

किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, तिथे पूजा करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी कुरटे बेटावर कामाला सुरुवात केली. काम तीन वर्षं चाललं. बेट ४८ एकरांचं, भोवती सुमारे तीन किलोमीटर तट, ३० फूट उंच, १२ फूट जाड. पायाचे चिरे शिसं ओतून बसवले. देखरेख हिरोजी इंदुलकरांची. मामाने होडीतच हिशेब केला: निझवाचा बुरूज बांधून पुरा होत होता त्याच सुमाराला हे काम सुरू झालं. दोन्हीकडे पोर्तुगीज हाच शेजारचा काटा. मधे अरबी समुद्र.

दरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत सापडत नाही. दोन बुरुजांच्या कुशीत, वळून. आत गेल्यावर महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवतात, चुन्यात उमटलेले. माणसं त्यांच्यापुढे चपला काढून उभी राहतात. मीही राहिले. पुढे शिवराजेश्वराचं देऊळ, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातलं. इथली महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आहे, डोक्यावर कोळ्यासारखी टोपी. इतर कुठेही न दिसणारे हे महाराज इथे अगदी बरोबर दिसतात. दर्यावर राहणाऱ्या लोकांनी आपल्यातला माणूस म्हणून त्यांना घडवलं असेल.

देवळातून बाहेर आल्यावर मामा विहिरींकडे निघाला तो मागे न बघता. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. 'बाव' हा आपला जुना शब्द, विहिरीचा. नावं ऐकूनच कळतं की हे पाणी कुणाला किती गोड लागलं असेल. तटापलीकडे लाटा आपटत होत्या, तो आवाज विहिरीच्या काठावरही येत होता. आणि आत, खाली, निश्चल हिरवट पाणी.

मामा काठावर बसला. मी विचारलं, हे होतं कसं? चारी बाजूंनी मीठ, आणि मध्ये गोडं?

"हलकं असतं गो गोडं पाणी. पाऊस पडतो, मुरतो, आणि खाली जे खारं भरलेलं असतं त्याच्यावर तरंगून बसतो. तेलासारखं नाय, पण बसतो. जेवढं मुरलं तेवढंच वापरायचं. हळूहळू, कळशीने." मग थोडा थांबून त्याने ते सांगितलं जे मी चोवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. निझवाला जाण्याआधी पहिली काही वर्षं तो समुद्राकाठी होता, बातिना किनाऱ्यावर, बरका गावात. तिथे खजुराच्या आणि लिंबाच्या बागा होत्या, विहिरी होत्या, पूर्वी मोटेने पाणी काढायचे. मग पंप आले. "मीच बसवलेत. दिवसाला दोन-दोन. एक शेतकरी पाच अश्वशक्तीचा लावायचा, शेजारचा साडेसात मागायचा." गोडं पाणी उपसत गेले तसं खालचं खारं वर चढलं. समुद्र जमिनीखालून आत आला. बागा पिवळ्या पडल्या, काही ओस पडल्या. "एक म्हातारा होता. त्याच्या विहिरीचं पाणी त्याने मला चाखायला दिलं. मी पंप बसवला तेव्हा हिलू होतं. चार वर्षांनी तोंडात धरवेना. तो काय बोलला नाय मला. पेला परत घेतला फक्त." त्यानंतर मामाने निझवाची बदली मागून घेतली होती. आम्हाला घरी सगळ्यांना वाटायचं, पगार वाढला म्हणून गेला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार.

तेवढ्यात किल्ल्यातच राहणाऱ्या एक आजी आल्या. किल्ल्यात अजून काही घरं नांदती आहेत. पाहुणे बघून त्या सरळ बोलायलाच लागल्या. मामाने विचारलं, मे महिन्यात काय होतं विहिरीचं?

"खाली जाता. पण आटना नाय. माझ्या सासूच्या येळेकपण आटूक नाय."

"आणि पावसात?"

"पावसात कोण येवक शकना नाय. होडी बंद. चार म्हयने आमी आणि दर्या." सामान आधीच भरून ठेवायचं: तांदूळ, मीठमिरची, रॉकेलची जागा आता गॅसने घेतलीय, औषधं. मी निझवाच्या खजुराच्या कोठीचं त्यांना सांगितलं, जमिनीतल्या पन्हळींचं, मडक्यात साठणाऱ्या पाकाचं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि थंय आता कोण रवता?"

कोणी राहत नाही. ते संग्रहालय आहे, संध्याकाळी कुलूप लागतं.

"मगे त्या पाकाचा काय करतत?"

या प्रश्नाला आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. दोन वर्षं मी मनात निझवाचा किल्ला हाच नमुना धरून चालले होते: असं नीट मांडावं, असं समजावून सांगावं, आपल्याकडेही असंच व्हावं. अजूनही मला ते हवंच आहे. पण विहीर वापरात असेल तोवर तिला काचेमागे ठेवायचं नसतं, तिथे पाटीपेक्षा या आजी जास्त लागतात. त्यांच्या घरात सून आहे, नातू मालवणला शाळेत आहे. नातू परत बेटावर राहायला येईल का, हे त्यांनाही माहीत नाही, असं त्या म्हणाल्या आणि पदराने काठ पुसून उठल्या. सिंधुदुर्गाचं उद्या काही करायचं ठरलं तर पहिली बैठक त्यांच्या पडवीत व्हावी, एवढं मात्र मला त्या वेळी अगदी ठाम वाटलं आणि आजही वाटतं.

मामाने कळशी मागितली. आजींनी आणून दिली. त्याने स्वतः दोर सोडला, कळशी आडवी पडू दिली, भरल्याचा आवाज ऐकला आणि हातावर हात घेत वर ओढली. ओंजळ भरून प्यायला. मग मला दिलं. दगडाची आणि पानांची किंचित चव. खारटपणा नाही.

तटावरून अर्धा फेरा मारला. पद्मगड समोर, पलीकडे मालवणचं बंदर. खाली खडकांवर पाणी फुटत होतं आणि तटाच्या काही चिऱ्यांमधला चुना लाटांनी खाऊन टाकलेला दिसत होता. ओमानात माती भाजून, चुन्यात मिसळून सारूज नावाचा गिलावा करतात, पाण्याच्या कामाला तोच वापरतात. मामाने बोटाने आपला चुना खरवडून पाहिला. शिंपल्यांचा चुना असणार, असं त्याचं मत पडलं. शेवटच्या होडीची हाक आली तेव्हा तो परत दहीबावीकडे जाऊन फोनवर तिचे फोटो काढत होता, तीन बाजूंनी, आणि एक आत वाकून.

दिवस पाचवा : मालवण ते कुडाळ

पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होते. दोन्ही बाजूंनी दोराला माणसं लागलेली, बायकापोरंसुद्धा. बांगडा थोडाच मिळाला. मामीसाठी खाजं घेतलं आणि मला गाडी पकडायची म्हणून कुडाळला निघालो.

स्टेशनवर मामाचा फोन वाजला. काल त्याने दहीबावीचे फोटो निझवातल्या एका जुन्या ओमानी सोबत्याला पाठवले होते, पंपाच्या गाडीवर दोघं बरोबर असायचे. त्याने फोटो बघून एकच प्रश्न विचारला होता, आवाजात, खणखणीत. मामाने मला ऐकवला.

"माय हिलू?"

मामाने बटण दाबून फोन तोंडाजवळ धरला. "हिलू," तो म्हणाला. मग जरा थांबून, "हिलू, हिलू."